लहानू मिस्त्रींचं पाव सूत

लहानू मिस्त्रींना एक डोळा मिटून जग पाहायची सवय होती. समोर भिंत असो, दाराची चौकट असो की चहाच्या टपरीचा बांबू असो, त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा, मान जराशी तिरपी व्हायची आणि ओठ पुढे यायचे. मग निकाल लागायचा, "दीड सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी, फिटर सगळे याच मापात बोलतात, पण बाकीचे लोक आधी पट्टी लावतात आणि मग बोलतात. मिस्त्री आधी बोलायचे. समोरच्याचा विश्वास बसला नाही तरच पट्टी निघायची, आणि निघाली की माप तेवढंच भरायचं.

देवळीला आमच्या घराला लागूनच माझ्या सासऱ्यांचं जिन होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा मिस्त्री जिनात फिटर होते. वय चाळिशीच्या आसपास, अंगात खाकी हाफ शर्ट. लढाईच्या काळात ते कामठीला मिलिटरीच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करत, तेव्हापासून तो खाकी रंग काही अंगावरून उतरला नव्हता. शर्टाच्या खिशात पेन्सिलीच्या तुकड्याला गुंडाळलेला एक पांढरा धागा असायचा आणि धाग्याच्या टोकाला बांधलेला पितळी नट. हाच त्यांचा ओळंबा. लोकांशी वाद झाला की ते नट खाली सोडायचे आणि म्हणायचे, "माह्या तोंडाकडं नका पाहू, धाग्याकडं पाहा."

त्यांच्या या सवयीने आमच्या घरात पहिलं वादळ उठलं ते तुळशीवृंदावनावरून. कशासाठी तरी ते अंगणाच्या फाटकापर्यंत आले होते. तिथूनच डोळा मिटून त्यांनी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगितलं की वृंदावन उगवतीकडे दोन सूत कललं आहे, पाया पाहून घ्या. सासूबाईंचा संताप झाला. वृंदावन कललं याचा नव्हे, मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं याचा. मिस्त्री जातीने महार होते. पुढे दिवाळीच्या चुन्याला गवंडी आला तेव्हा त्याने ओळंबा लावून पाहिला, तर बरोबर दोन सूत. सासूबाई म्हणाल्या, "त्यानं पाह्यलं म्हणूनच कललं." या तर्कापुढे कोणाचं काय चालणार?

छप्पन सालच्या दसऱ्याला मिस्त्री नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. दुसऱ्या दिवशी कामावर वेळेवर हजर. मामंजींनी नेहमीसारखी ओसरीवरून हाक मारली, "लहान्या." मिस्त्री आले, नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "मालक, लहान्या नका म्हनू जी. लहानू म्हना, नाई तं मिस्त्री म्हना." जिनातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. त्या दिवसापासून मामंजींनी मिस्त्रींना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. "अरे," "ए," नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी "त्याला सांग." हंगाम तोंडावर होता आणि जिनाचं इंजिन मिस्त्रींशिवाय कोणाचं ऐकत नव्हतं, म्हणून काम टिकलं. राग मात्र मनात राहिला.

मिस्त्रींचा चहाचा कप आमच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे, कान तुटलेला. त्यानंतर त्यांनी त्या कपाला हात लावला नाही. चहा सोडला, असं सांगितलं. बस थांबते तिथल्या टपरीवर ते दिवसातून चारदा चहा पितात हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पुढच्या वर्षी दसऱ्याला त्यांनी आपली हत्यारं ओट्यावर मांडली, एकेक पान्हा पुसला, तेल दिलं आणि परत पेटीत ठेवला. फूल नाही, कुंकू नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "पूजा नाई करत आता. पन तेल तं द्याच लागते. त्याईनं माहं काय घोडं मारलं?"

मी त्यांना अहोजाहो करायची. माझे वडील वर्ध्याला मास्तर होते आणि आमच्या घरी हमालालाही तुम्ही म्हणायची रीत होती. याचं मला त्या काळात फार कौतुक वाटायचं, म्हणजे स्वतःचंच. कोनाड्यातला तो कप उचलून फेकून द्यावा आणि घरातल्या कपातून चहा पाठवावा, हे मात्र मला कधी सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, केलं नाही.

सत्तावन्नच्या पावसाळ्यानंतर आमच्या ह्यांनी मोटार आणली. नागपूरचा कोणी साहेब देश सोडून चालला होता, त्याची दोन सीटांची शर्यतीची गाडी. हिरवी, बुटकी, पुढे डोळे वटारलेली. गावाने तिचं नाव एका दिवसात बेडकी ठेवलं. नागपूरच्या बाजूला लढाईत विमानांसाठी बांधलेली एक ओसाड धावपट्टी होती. तिच्यावर हौशी मोटारवाले हिवाळ्यात शर्यत लावत. चुन्याच्या रेघा, वळणाच्या जागी डांबराचे रिकामे पिपे. ह्यांना त्या शर्यतीत उतरायचं होतं. मामंजींचा विरोध होता, पण एकुलत्या एका मुलापुढे तो किती टिकणार?

गाडी एकदा तिथे पळवून आणली आणि हे चिडून परत आले. सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी जाते आणि वळण आलं की पुढचं चाक बाहेर घसरतं, अशी तक्रार. मिस्त्रींनी टायर पाहिले. बाहेरची कड झिजून गुळगुळीत, आतली कड कोरी. त्यांनी डोळा मिटला आणि म्हणाले, चाक फार सरळ उभं आहे.

सरळ उभं असणं हा दोष कसा, हे मला समजेना. मिस्त्रींनी अंगणात उभं राहून दाखवलं. "हुतुतूतला गडी कसा उभा राह्यते? पाय फाकवून. पाय जोडून उभा राह्यला तं एका धक्क्यात पडन. वळणावर गाडी आंग बाहीर टाकते, मंग बाहीरच्या चाकाची एकच कोर जमिनीले टेकते. म्हनून आंधीच चाकाचं डोकं जरासं आत वाकवायचं. वळणावर ते आपोआप सपाट बसते." गुडघ्यांच्या वाट्यांवर हात ठेवून ते असे उभे होते की मला हसू आलं. त्यांनाही आलं.

चाकाचं डोकं वाकवायचं म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या बुडाशी पितळेच्या पातळ पत्त्या घालायच्या. एक पत्ती घातली की इतकं, दोन घातल्या की इतकं. गाडीबरोबर साहेबाने एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. ह्यांना ते वाचायचा कंटाळा, आणि मी मॅट्रिक. म्हणून दुपारी गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पुस्तक वाचायचं आणि मिस्त्रींनी काम करायचं, असं ठरलं. पुस्तकात कल अंशात दिला होता. मी शाळेतली भूमिती आठवून हिशेब केला की त्या चाकाच्या उंचीला एका अंशाला साधारण सव्वादोन सूत पडतात. मिस्त्रींनी ते पाठ करून टाकलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, तुमचं शिक्षण कामी आलं." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि अजून लक्षात आहे.

माप घेताना धागा चाकाच्या वरच्या कडेला कोणीतरी धरावा लागे. मिस्त्री खाली बसून नट स्थिर व्हायची वाट पाहत आणि मग धागा आणि चाकाची खालची कड यातलं अंतर वाचत. मी एकदा म्हटलं की वर खिळा ठोकून त्याला बांधा की. तर म्हणाले, "खिळा हालत नाई हे खरं. पन त्याले सांगता येत नाई का जरा इकडं घे. मानसाले सांगता येते." म्हणून धाग्याचं वरचं टोक माझ्या हातात आणि नटाशी ते. सासूबाईंनी हे खिडकीतून पाहिलं आणि रात्री जेवताना विचारलं की दोऱ्यातून विटाळ जातो की नाही. हे हसून म्हणाले, "पुस्तकात तसं काही दिलेलं नाही."

पण मिस्त्रींचं म्हणणं होतं की रिकाम्या गाडीचं माप खोटं. चालवणारा बसला की गाडी त्याच्या बाजूला दबते आणि चाकाचा कल बदलतो. तेव्हा धाकट्या मालकांनी सीटवर बसून राहावं. आमचे हे पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसले, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मग मिस्त्रींनी ह्यांना जिनाच्या काट्यावर उभं केलं. एक मण पस्तीस शेर भरले. तेवढीच सरकी मापून एका पोत्यात भरली, तोंड दाभणाने शिवलं आणि ते पोतं सीटवर बसवून वर ह्यांची जुनी टोपी ठेवली. "हे धाकटे मालक बरे," ते म्हणाले. "बिडी मागत नाई आन् उठून जात नाई." माप झालं की पोतं उतरवून शेडच्या कोपऱ्यात फळीवर ठेवायचं, पुढच्या मापाला पुन्हा सीटवर. जिनातली माणसं त्या पोत्याला रामराम करून जाऊ लागली.

इथपर्यंत सांगताना मला बरं वाटतं. आता पुढचं.

माझ्या भावाने लग्नात मला एक म्हैस दिली होती, चांदी. त्या पौषात ती व्याली. वगार, म्हणजे मादी पारडू झालं, पण अगदी काडीसारखं, आणि चांदीला दूध उतरेना. म्हशीला भिजवलेली सरकी घातली की दूध वाढतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जिनात सरकीचे डोंगर लागले होते, पण तिथे दिवसभर दिवाणजी आणि माणसं. घरातली सरकी कोठीत, आणि कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्यांनी सांगितलं की तुझी म्हैस खाते जास्त आणि देते कमी, वगार काही जगायची नाही, हंगाम संपला की म्हैस बाजारात. त्यांच्या दृष्टीने त्यात वाईट काही नव्हतं. पण माहेरून आलेली ती एकच वस्तू त्या घरात माझी होती, आणि ती वगार माझ्या हाताची बोटं चोखायची.

शेडमध्ये कोपऱ्यात पोतं होतं. मी दाभण घेऊन त्याच्या बुडाची एक शिवण उसवली आणि दोन ओंजळी काढल्या. दुसऱ्या दिवशी चार. मग रोज शेर, सव्वा शेर. पोतं खाली बसायला लागलं तशी मी गोठ्यातलं तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, आत कोंबलं आणि शिवण परत घातली. ब्लाउज शिवताना घालते तशी, बारीक आणि जवळजवळ. बारा-तेरा दिवस हे चाललं. चांदीला दूध उतरलं, वगार उभी राहिली. मला वाटत होतं, पोतं ते पोतं, दिसायला भरलेलं असलं की झालं. चाकाचा हिशेब मी स्वतः करून दिला होता, एका अंशाला सव्वादोन सूत, आणि तरीही पोत्यातल्या सरकीचा आणि चाकाचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. की शिरलं होतं आणि मी शिरू दिलं नाही, हे आता सांगता येत नाही.

शर्यतीच्या आदल्या दुपारी शेवटचं माप होतं. माणसांनी पोतं सीटवर बसवलं, मी धागा धरला. मिस्त्रींनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. उठले, गाडीला फेरी घातली, परत बसले. उजव्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूच्या चाकाचं डोकं पाव सूत कमी वाकलं होतं. पाव सूत म्हणजे नखाच्या जाडीएवढं. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "गाडीले नाई तं पोत्याले कोनी हात लावला का?"

"नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत होते. दोन्ही डोळे उघडे होते. धाग्याकडे पाहा, तोंडाकडे पाहू नका, असं जन्मभर लोकांना सांगणाऱ्या माणसाने त्या दिवशी धागा सोडून माझं तोंड पाहिलं आणि त्यावर विश्वास ठेवला. "मंग पत्तीच दबली असन," ते म्हणाले आणि आणखी एक पातळ पत्ती घातली. खऱ्या माणसाच्या वजनाला ती जास्तीची होती. पोतं पुन्हा काट्यावर नेणार होते, पण हे घाई करत होते आणि काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती.

शर्यत मी पाहिली नाही. घरातल्या बायका कुठे जाणार? जे कळलं ते तिसऱ्या फेरीत डावीकडच्या वळणावर बेडकी घसरली, पिप्यांवर आदळली आणि उलटली, एवढं. ह्यांचा डावा गुडघा गाडीखाली सापडला. नागपूरला दवाखान्यात दोनदा कापलं. जीव वाचला, पण तो पाय पुढे आयुष्यभर वाकला नाही.

चार दिवसांनी गाडी ट्रकवर घालून जिनात आणली. गाव जमलं. चाकांची डोकी आत वाकलेली सगळ्यांना दिसत होती, आणि त्यातला अर्थ कोणाला कळत नव्हता. मिस्त्रीने चाकं वाकडी करून ठेवली होती, असं एक म्हणाला आणि मग सगळेच म्हणाले. मामंजी दवाखान्यातून आले होते, डोळे तारवटलेले. त्यांनी मिस्त्रींना पुढे बोलावलं. मिस्त्री गाडीजवळ उभे राहिले आणि कोणत्या चाकात किती पत्त्या, कल किती, तो तेवढाच का, सगळं सांगितलं. धाकट्या मालकांच्या वजनावर माप घेतलं आहे, चूक नाही, असं ते म्हणाले. आणि कोणी न विचारता पुढे म्हणाले, "पोतं तोला, मालक. धाकट्या मालकाच्या वजनाचं नाई भरलं तं मी गुन्हेगार."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथून काटा दिसतो. पोतं काट्यावर चढताना मी पाहिलं. दिवाणजींनी वजनं टाकली, काढली, परत टाकली. तेरा शेर कमी.

मामंजींनी पोतं उसवायला सांगितलं. वरची सरकी सांडली आणि बुडातून कुटार बाहेर आलं. जमलेल्या लोकांत एक आवाज उठला, समाधानाचा म्हणावा असा. आता सगळ्यांना सगळं कळलं. सरकी विकली आणि कुटार भरलं. मामंजी म्हणाले, "नाव बदलून घ्यायला निघाला होता. आता काय नाव ठेवू तुझं? चोर ठेवू?"

मिस्त्री खाली बसले. त्यांनी पोत्याचं बूड हातात घेतलं आणि कोपऱ्याची शिवण बोटाने चाचपली. त्यांची स्वतःची शिवण पोत्याच्या तोंडाशी होती, बोटभर लांब टाके, फिटरचा हात. ही दुसरी. मग त्यांनी मूठभर कुटार उचललं, गोठ्याकडे पाहिलं. चांदी रवंथ करत होती आणि वगार तिच्या पोटाखाली ढुशा देत होती. तिथून त्यांची नजर दारावर आली, माझ्यावर. फार वेळ नव्हती, एवढंच की मला कळावं, त्यांना कळलं आहे.

"चोरी म्या केली नाई," ते उठून म्हणाले. "पन शेवटच्या मापाले पोतं तोलाले पायजे होतं. तोललं नाई. ते माही चूक."

मी दोन पावलं पुढे टाकली असती तर ओसरीवर पोचले असते. मागे सासूबाई उभ्या होत्या. नवरा दवाखान्यात. मी बोलले तर घरच्या पोत्यात हात घालणारी आणि नवऱ्याचा पाय मोडणारी सून, अशी माझी आयुष्यभर ओळख, आणि चांदी त्याच आठवड्यात बाजारात. मला भीती वाटली, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या जमावात कोणीही माझ्याकडे बोट दाखवणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. चोर म्हणायला तिथे एक माणूस आधीच उभा होता, आणि सगळ्यांना तो सोयीचा होता. मलाही.

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलली आणि गेले. देवळीतल्या दुसऱ्या कोणत्याही जिनाने त्यांना नंतर कामावर घेतलं नाही. कोनाड्यातला कप सासूबाईंनी त्याच दिवशी फोडून टाकला. त्यात गेल्या सव्वा वर्षात कोणी चहा प्यायलं नव्हतं.

माझा भाचा पुढे इंजिनियर झाला. त्याला मी एकदा दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून हे विचारलं. तो म्हणाला, पाव सुताने गाडी उलटत नाही, आत्या. वेग जास्त असेल, ब्रेक उशिरा दाबला असेल. त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी त्याला विचारलं, मग ज्या माणसाला पाव सूत दिसलं होतं, त्याचं काय? त्याला तो प्रश्न कळला नाही.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात मला कळलं की मिस्त्रींनी वर्ध्याजवळ सिंदी मेघेच्या रस्त्याला स्वतःचं काम सुरू केलं आहे. मी माहेरी जाते असं सांगून निघाले आणि एसटीतून उतरल्यावर घरी न जाता थेट तिकडे चालत गेले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकून ठेवलं होतं. मी कबूल करते, मी मामंजींना सांगते, तुमच्या नावावरचा डाग पुसते. हे सगळं शुद्ध मराठीत, मास्तरांच्या मुलीला शोभेल असं.

कडुनिंबाखाली चार पत्र्यांची शेड होती. मिस्त्री एका जीपच्या पुढच्या चाकाशी बसलेले, तोच खाकी शर्ट, केस पांढरे झालेले. मला पाहून उठले, हात पुसले, स्टुलावरचा पान्हा काढून मला बसायला दिलं. त्यांच्या बायकोने चहा आणला. कप पुढे आला तेव्हा माझा हात क्षणभर थांबला. वाढवलाच नाही असं नव्हे, थांबला, एवढंच, आणि ते त्या दोघांनीही पाहिलं. मग मी चहा घेतला. ह्यांच्या पायाची त्यांनी चौकशी केली. मी सांगितलं.

जीपच्या सीटवर एक पोतं बसवलेलं होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, ते पोतं…"

"वाळू हाये," ते म्हणाले. "आता वाळूच भरतो. वाळू कोनतं जनावर खात नाई." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, "वगार जगली न?"

"जगली," मी म्हटलं. "मोठी झाली."

"मंग झालं."

मी घोकलेलं सगळं तिथेच राहिलं. पुढे मामंजी गेले, हे गेले, दोघेही मिस्त्रींना चोर समजून गेले. मी कोणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र मला वाटत होतं की अजून वेळ आहे, आत्ता बोलीन, हा चहा संपला की बोलीन. मिस्त्रींनी खिशातून धागा काढला, नट सोडला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "सूनबाई, जरा वरून धरता?"

मी उठून धागा चाकाच्या कडेला धरला. ते खाली बसले, डावा डोळा मिटला आणि नट थांबायची वाट पाहू लागले. नट थांबेना. मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, श्वास रोखला, तरी तो या कडेकडून त्या कडेकडे हलतच राहिला. मिस्त्री डोळा उघडून म्हणाले, "राहू द्या, सूनबाई." ते उठले, मडगार्डवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवली, माझ्या बोटांतून धागा सोडवून घेतला आणि पट्टीच्या खिळ्याला बांधला.